कनकट्याची डावी बाजू

सुधाकरभाऊ मेश्रामांच्या स्टुडिओत गेलेल्या माणसाला आधी बोलणी खावी लागत, मग फोटो मिळे. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या एका तहसीलदारालाही त्यांनी सोडलं नव्हतं. "साहेब, तुमी खुर्चीवर बसून राह्यले का खुर्ची तुमच्यावर?" बालाघाटच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आणि त्यांचा स्टुडिओ यांच्यात एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. तिकडे ते गिऱ्हाइकावर खेकसले की इकडे मी ज्याचे डोळे तपासत असे तो दचकून ताठ बसायचा आणि माझा नंबर चुकायचा. मग मी भिंतीवर थाप मारायची. तिकडून उलट थाप यायची. आमचा शेजार वर्षानुवर्षं असाच चालला आणि दोघांचंही बरं चाललं होतं.

अंगाने काटकुळे, आवाजाने दणदणीत. चष्मा माझ्याच दुकानातला, पण तो नाकावर कमी आणि कपाळावर जास्त. कपाळावर चष्मा ठेवून ते सगळा स्टुडिओ उलथापालथा करत आणि शेवटी माझ्याकडे येऊन म्हणत, "ताई, माझा चष्मा तुमच्याकडं राह्यला का?" मी त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवायची. गिऱ्हाइकाने घाई केली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "उजेड कोनाच्या बापाचा नोकर नाही." आणि कौतुकाचा शब्द एकच, "बरा आहे." आपल्या सगळ्यात चांगल्या फोटोलाही ते याहून जास्त मार्क देत नसत.

लग्नाचे अल्बम हा त्यांचा धंदा आणि अल्बमबाबत त्यांचा एक कायदा होता. पानावरच्या माणसाचं तोंड आत, म्हणजे अल्बमच्या शिवणीकडे पाहिजे. डाव्या पानावर असेल तर तोंड उजवीकडे, उजव्या पानावर असेल तर डावीकडे. फोटोत तसं नसेल तर ते कॉम्प्युटरवर फोटो सरळ उलटवून टाकत, आरशात दिसतो तसा. "तोंड बाहेर गेलं का मानूस घर सोडून चालला वाटते, ताई. लग्नाच्या अल्बमात असं काहून ठेवावं?" हे त्यांना त्यांच्या उस्तादाने, गोंदियाच्या कुणा म्हाताऱ्या फोटोग्राफरने शिकवलं होतं. उस्ताद गेले, फिल्म गेली, अंधारखोली गेली, पण कायदा राहिला.

एकदा वारासिवनीचा एक राईस मिलवाला मुलीच्या लग्नाचा अल्बम काखेत मारून आला आणि थेट भांडायलाच उभा राहिला. अर्ध्या फोटोंत बायांचे पदर भलत्याच खांद्यावर गेले होते, भटजी डाव्या हाताने अक्षता टाकत होता आणि मांडवाच्या कमानीवर खानदानाचं आडनाव उलटं लागलं होतं. मी दुकान सोडून ऐकायला जाऊन उभी राहिले. सुधाकरभाऊंनी शांतपणे पान उघडलं. "नवरी कोनाकडं पाहून राह्यली ते पाहा न जी. नवऱ्याकडं पाहून राह्यली. खऱ्या लग्नात ते तुमच्या जेवनाच्या टेबलांकडं पाहत होती. मी तुमच्या पोरीचा संसार सरळ केला, तुमी आडनाव धरून बसले." मिलवाला आधी लाल झाला, मग हसला आणि अल्बम परत घेऊन गेला. आम्ही ही गोष्ट बाजारात कितीतरी दिवस सांगत होतो. तेव्हा ती हसण्यासारखीच होती.

आषाढात लग्नं थांबली की हा माणूस बदलायचा. हट्ट्याच्या बावडीवर, त्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवर, लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपी पावसाने बंद व्हायची, स्टुडिओत पासपोर्टपुरते लोक यायचे, आणि सुधाकरभाऊ पहाटेच्या बसने परसवाड्याच्या जंगलाकडे निघायचे. पावसाळ्यात मुख्य जंगल बंद असतं, पण भोवतीचा बफरचा पट्टा उघडा राहतो. तिथे तेव्हा फारसं कुणी येत नाही. गाड्या चिखलात रुततात, गवत डोक्याइतकं वाढतं, दिवसभर फिरून मोरसुद्धा दिसेल याची खात्री नसते. यांना मात्र तेच दिवस हवे असत. "उन्हाळ्यात वाघ मातीचाच असते, ताई. हिरव्यातला वाघ पाहायचा असंल तं पावसातच पाहावं."

कॅमेऱ्याला ते युरियाच्या पोत्याच्या आतली जाड प्लास्टिकची पिशवी घालत, लेन्सपुरतं भोक पाडून. घरी आल्यावर कॅमेरा तांदळाच्या डब्यात, ओल ओढून घ्यायला. शांतावहिनी, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायच्या, "आमच्या घरी आधी कॅमेरा जेवते, मंग आमी." तरीही लेन्सला बुरशी यायचीच. मग लेन्स घेऊन स्वारी माझ्याकडे. मी भिंगाखाली पाहून सांगायची की आतून धागे आलेत, आणि ते घरातल्या माणसाला आजार निघाल्यासारखं तोंड करून बसायचे.

जंगलात त्यांचा सोबती एकच, धनसिंग. गेटजवळच्या गावात राहणारा गोंड, स्वतःची जुनी जिप्सी सफारीला लावणारा. दोघं एकमेकांशी हिंदीत बोलायचे, म्हणजे सुधाकरभाऊ आपल्या मते हिंदीत. त्या पट्ट्यात तेव्हा दोन मोठे वाघ होते आणि दोघांनाही नावं धनसिंगनेच दिलेली. तलावाकाठी राहणारी वाघीण, ती तलैयावाली. आणि एक धिप्पाड नर, कुठल्याशा भांडणात उजवा कान फाटून चिरफळ्या झालेला, तो कनकटा.

एका श्रावणात मीही त्यांच्याबरोबर गेले होते. हौस नव्हती, पण वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून वर्णन ऐकून ऐकून एकदाचं पाहून टाकावं असं वाटलं. उघडी जिप्सी, गेटवर चढलेला एक गाइड, अंगावर पातळ रेनकोट आणि वरून धो धो. दोन तास आम्ही एका नाल्याकाठी थांबलो आणि मी मनातल्या मनात सुधाकरभाऊंना जमतील तेवढ्या शिव्या दिल्या. मग पलीकडच्या बांबूतून कनकटा बाहेर आला. नाल्यात उतरला, मधेच थांबला, अंग झटकलं. त्या ओल्या हिरव्यात त्याचा रंग पाहून माझ्या अंगावर काटा आला. सुधाकरभाऊंनी फोटो काढले, कॅमेरा पिशवीत गुंडाळला आणि मान खाली घालून बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं तसे म्हणाले, "चष्म्यावर पानी आलं." चष्मा कपाळावर होता.

परतताना धनसिंगच्या घरी चहा. हा त्यांचा शिरस्ताच होता. धनसिंगची बायको फुलवती, ठेंगणी, हसरी, बोलायला चुरचुरीत. काळा चहा आणि चुलीत भाजलेली मक्याची कणसं तिने पुढे ठेवली. भाऊंच्या अंगातून पाणी निथळत होतं ते पाहून म्हणाली, "दादा, शेर के पीछे इतना भीगते हो, उसको तो मालूम भी नहीं।" मग पदर सारखा करत म्हणाली, "हमारी भी एक खींच दो कभी।"

"रोशनी नहीं है बाई," सुधाकरभाऊ म्हणाले. "दिवाली के बाद आऊँगा तब।"

दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होते हे मला माहीत होतं आणि तिलाही. मी म्हटलं, "काढा न एक, त्यात काय?" तर मला हळूच म्हणाले, "मानसं वर्षभर काढतोच न मी. इथं तरी सुटका असू दे." फुलवती हसली आणि तिने चहाचा ग्लास पुन्हा भरला. तिला वाईट वाटलं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि वाटलंही नसेल, ती तशी बाईच नव्हती.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या गावची एक बाई जंगलात पिहरी वेचायला गेली आणि वाघाने तिला मारलं. पिहरी म्हणजे पावसात उगवणारी रानातली अळंबी. आमच्याकडे बाजारात तिच्यावर उड्या पडतात, आणि ती आणायला बायका भल्या सकाळी जंगलात शिरतात. गावकऱ्यांनी प्रेत रस्त्यावर ठेवलं. वाघ धरल्याशिवाय उचलू देणार नाही म्हणाले. शेवटी वनखात्याने वाघ धरण्याचा शब्द दिल्यावर ते उठलं.

वाघ धरायचा, पण कोणता? पावसाने पंजांचे ठसे धुऊन नेले होते. जिथे बाई सापडली तिथे खात्याने झाडाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. दुसऱ्या दिवशी वाघ त्या जागी परत आला आणि कॅमेऱ्यात त्याचा एक फोटो मिळाला. डोकं गवतात, नर की मादी तेही कळेना, पण डाव्या बाजूचे पट्टे बऱ्यापैकी स्पष्ट होते. वाघाच्या दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे नसतात. डावी बाजू डाव्या बाजूशीच ताडून पाहायची असते. आणि पावसाळ्यात त्या जंगलातल्या वाघांचे फोटो काढणारा माणूस एकच होता.

वनखात्याचे साहेब स्वतः स्टुडिओत आले. तरुण माणूस, झोप नसल्याने डोळे सुजलेले. भिंतीवर थाप पडली आणि हाक आली, "ताई, तुमचं भिंग आना." मी गेले. सुधाकरभाऊंनी कॉम्प्युटरवर फोटो आधीच काढून ठेवले होते, निवडून, उजळून, एकाहून एक देखणे. वाघांचाही त्यांनी एक अल्बम केला होता, त्यातलेच ते फोटो. त्या दिवशी त्यांना आनंद झाला होता. एक बाई मेली होती आणि त्यांना आनंद झाला होता, हे मला लिहिलंच पाहिजे. इतक्या वर्षांच्या त्या ओल्या खुळाची कुणाला तरी गरज पडली होती, साहेब दारात आले होते. मी त्यांच्या जागी असते तर मलाही झाला असता.

तलैयावालीची डावी बाजू त्यांच्याकडे कुठल्याच फोटोत नीट नव्हती, फक्त उजवी. कनकट्याची डावी बाजू होती, लख्ख. नाल्यातून चालताना, तोंड डावीकडे. तो फोटो आणि झाडावरच्या कॅमेऱ्याचा फोटो शेजारी ठेवून साहेबांनी आणि त्यांनी भिंगातून पट्टा न् पट्टा पाहिला. मीही पाहिलं, मला काही कळलं नाही. पण पट्टे जुळत नव्हते, एवढं नक्की.

"म्हणजे कनकटा नाही," साहेब म्हणाले. "मेश्रामजी, पक्का?"

"पक्का, साहेब. कनकटा नाही, तं तेच, तलैयावाली."

तिसरा मोठा वाघ तिथे नव्हताच. चार दिवसांत तलैयावालीला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातलं. तिला शोधायला धनसिंगला नेलं होतं. परत आल्यावर तो स्टुडिओत येऊन बसला, चहा घेतला नाही. "दादा, वो तो गाड़ी देखके बैठ जाती थी। मेरे को नहीं लगता।" सुधाकरभाऊ त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पट्टे झूठ नहीं बोलते, धनसिंग।" पिंजऱ्याची गाडी वाघिणीला घेऊन दूरच्या प्राणिसंग्रहालयाकडे गेली. आपल्या बफरमध्ये आता भीती नाही असं लोक बोलू लागले. बायका पुन्हा पिहरीला जाऊ लागल्या.

खात्याने सुधाकरभाऊंचा सत्कार करायचं ठरवलं. पोळ्यानंतरच्या आठवड्यातला दिवस ठरला. शाल, श्रीफळ आणि मागे लावायला त्यांनीच काढलेले वाघांचे मोठे फोटो. बाजारात आम्ही त्यांची थट्टा करत होतो. मी म्हटलं, "भाऊ, सत्काराच्या दिवशी तरी चष्मा नाकावर ठेवजा." ते खूश होते. आणि मग एके दिवशी भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. कुणावर ओरडणं नाही, काही नाही. मी थाप मारली तर उलट थाप आली नाही. पोळ्याच्या गडबडीत असतील असं मी धरून चालले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नारबोद. पहाटे गावाबाहेर नारबोदचा पुतळा नेऊन टाकायचा, खोकला-पडसं, रोगराई सगळं घेऊन जा म्हणून ओरडायचं. आणि त्याच सकाळी जंगलात जाऊन औषधी मुळ्या, पाला आणायचा. त्या दिवशी आणलेल्या औषधाला गुण जास्त असतो असं लोक मानतात. फुलवती गावातल्या बायकांबरोबर मुळ्या आणायला गेली. तलैयावाली धरली गेली आहे, आता काय भ्यायचं, असंच सगळ्या बोलत गेल्या होत्या. ती थोडी मागे राहिली. बायका परत वळल्या तेव्हा तिथे तिचं लुगडं होतं, ती नव्हती.

बातमी दुपारपर्यंत बालाघाटला आली. मी स्टुडिओत धावत गेले. सुधाकरभाऊ कॉम्प्युटरपुढे बसलेले, पडदा काळा. मी म्हटलं, "भाऊ, ऐकलं का?" त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "चला, जाऊ आपन." ते म्हणाले, "तुमी जा. मी येऊ शकत नाही." मला राग आला. इतक्या वर्षांचा चहा प्यायलेला माणूस, तिच्या मरणाला जात नाही म्हणजे काय? मी एकटी गेले. सत्कार अर्थातच रद्द झाला.

काही दिवसांनी धनसिंग स्वतः आला. पावसात भिजलेला, डोक्यावर पिशवी. मी त्याला स्टुडिओत शिरताना पाहिलं आणि मागोमाग गेले. आता तरी भाऊ दोन शब्द बोलतील असं मला वाटलं.

"दादा, उसका एक फोटो चाहिए," धनसिंग म्हणाला. "तेरहवीं में रखना है। आधार वाला है, पर उसमें वो डरी हुई दिखती है। आपके पास तो होगा।"

सुधाकरभाऊंनी कॉम्प्युटर चालू केला आणि वर्षामागून वर्षाचे पावसाळे उघडू लागले. पाणी, गवत, हरणं, वाघ. पुन्हा वाघ. मोर, नाला, जिप्सीचं चाक चिखलात. धनसिंग त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. प्रत्येक फोटोला मला वाटे, पुढच्यात ती असेल. एका फोटोत धनसिंगच्या घराची ओसरी होती, ओल्या कोंबड्यांसाठी काढलेली. कडेला स्टीलचा ग्लास पुढे करणारा हात, मनगटात हिरव्या बांगड्या. हाताच्या पुढे फोटो संपत होता.

"ये उसका हाथ है," धनसिंग म्हणाला.

आणखी कुठेच ती नव्हती. सुधाकरभाऊंनी माऊसवरचा हात काढला आणि तसेच पडद्याकडे पाहत म्हणाले, "धनसिंग, शेर दूसरा था। पकड़ा वो गलत था।"

धनसिंगला कळलं नाही. मलाही कळलं नाही. मग त्यांनी कनकट्याचा तो फोटो उघडला, साहेबांना दिलेला. त्यात फाटका कान डावा होता. त्यांनी एक बटण दाबलं. वाघ पडद्यावर जागच्या जागी वळला. तोंड उजवीकडे, फाटका कान उजवा, जसा होता तसा. ती कनकट्याची डावी बाजू नव्हतीच. उजवी होती. वाघांच्या अल्बममध्ये तो फोटो उजव्या पानावर आला होता, वाघ पानाबाहेर चालला होता, म्हणून त्यांनी तो उलटवला होता. आणि साहेबांपुढे चांगले फोटो ठेवायचे म्हणून अल्बममधलेच उचलून दिले होते.

धनसिंग पडद्याजवळ वाकला. वाघाचे कान त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"कब पता चला आपको?"

"पोला के पहले। सत्कार के लिए बड़े फोटो निकाले, तब।"

"पहले," धनसिंग म्हणाला.

भाऊ खुर्चीतच बसून होते. पाया पडले नाहीत, रडले नाहीत. आता धनसिंग काहीतरी उचलून यांच्या डोक्यात घालणार असं मला वाटत होतं. घातलं असतं तर मी मधे पडले असते की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही.

"वो हाथ वाला निकाल दो," धनसिंग म्हणाला.

प्रिंटर सुरू झाला. फोटो बाहेर येईपर्यंत तो उभा होता. फोटो घेतला, ओला होऊ नये म्हणून शर्टाच्या आत घातला आणि गेला.

तो गेल्यावर मी सुधाकरभाऊंना विचारलं. शेजारधर्म वगैरे काही उरला नव्हता, मी सरळ विचारलं. "मालूम झालं तवाच काहून नाही सांगतलं?"

"पोळा होऊन जाऊ दे म्हटलं. सन आहे."

मग तेच म्हणाले, "पोळ्याचं खोटं आहे, ताई. सत्कार होता. शांतानं साडी घेतलती. पावन्यांले सांगून झालं होतं. म्हटलं, एवढा दिवस जाऊ दे, मंग सांगतो. वाघ काय रोज मानूस मारते का, असं म्हटलं." आणि मग त्यांना रडू आलं. मी त्यांना गप्प केलं नाही. मला त्यांची दया आली आणि त्यांचा संतापही आला, आणि दोन्ही आजतागायत तसंच आहे. फोटो उलटवला त्याबद्दल नाही. ती चूक मीही केली असती, कुणीही केली असती. मधल्या त्या दिवसांबद्दल.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले आणि मूळ फोटो टेबलावर ठेवून सगळं सांगून आले. साहेब त्यांच्यावर ओरडले नाहीत. निर्णय आमचा होता, एका फोटोवर सोडायला नको होता, असंच म्हणाले म्हणे. सुधाकरभाऊंना ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. दसऱ्यानंतर कनकटा धरला गेला. या वेळी दोन्ही बाजू ताडून पाहिल्या. तलैयावालीला परत सोडणार का, हे विचारायला ते पुन्हा गेले. तिने पिंजऱ्याचं लोखंड चावून सुळे मोडून घेतले होते. आता ती शिकार करू शकणार नाही, आयुष्यभर तिथेच राहणार, असं त्यांना सांगितलं गेलं. ते घरी आले आणि त्यांनी कॅमेरा तांदळाच्या डब्यातून काढून पुतण्याला दिला. स्टुडिओही त्यालाच दिला. पुतण्या चांगला आहे, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. माझे नंबर आता चुकत नाहीत.

बाजारात पुष्कळ दिवस चर्चा झाली, मग थांबली. शांतावहिनी एकट्याच दिसू लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "ते तिकडंच असतेत. पाऊस सुरू झाला का गेले." कुठे, काय करतात, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात माझा नागपूरचा जावई आला, हातभर लांब लेन्सचा नवा कॅमेरा घेऊन. पावसातलं जंगल पाहायचंच म्हणून हटून बसला. मला जायचं नव्हतं, पण जावयाला नाही म्हणवेना. गेटवर गाड्या नंबराने मिळतात, त्या दिवशी आमच्या वाट्याला धनसिंगची जिप्सी आली. त्याने मला ओळखलं, नमस्कार केला. केस पांढरे झाले होते. थोडं पुढे गेल्यावर मीच विषय काढला.

"सुधाकरभाऊ इधरच रहते क्या?"

"आंगनवाड़ी के पीछे। बरसात भर।"

"तुम बोलते हो उनसे?"

"नहीं।"

जावई झाडीत डोळे घालून बसला होता. एका वळणाच्या अलीकडे धनसिंगने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. जावयाला वाटलं वाघ दिसला, तो कॅमेरा उचलून उभाच राहिला. मला काही दिसेना. मग डब्याचा आवाज ऐकू आला. तेलाचा रिकामा डबा कुणीतरी काठीने बडवत होतं, एका ठेक्यात, न थांबता. वळणावरून बायका आल्या, पिहरी वेचायला निघालेल्या, कमरेला टोपल्या, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. एकमेकींना धरून, दाटीवाटीने चालत होत्या. आमच्या गाडीजवळून गेल्या तेव्हा एक-दोघींनी धनसिंगकडे पाहून मान हलवली.

सगळ्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून, सुधाकरभाऊ होते. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलाने भरलेले, गळ्यात दोरीने अडकवलेला डबा. बडवत होते आणि चालता चालता पुन्हा पुन्हा वळून मागच्या झाडीकडे पाहत होते. खूप म्हातारे दिसत होते. आमच्या गाडीकडे त्यांनी पाहिलं नाही. मी हाक मारणार होते. तोंडापर्यंत आलेली हाक मी गिळली, कारण हाक मारली असती तर त्यांना बडवणं थांबवावं लागलं असतं.

बायका पायवाटेने जंगलात शिरल्या, मागोमाग तेही शिरले. आवाज झाडांतून येतच राहिला. जावयाने कॅमेरा खाली केला आणि वैतागून म्हणाला, "एवढा डबा बडवला तर वाघ दिसणार कसा?"

"नहीं दिखेगा, साहब," धनसिंग म्हणाला. आणि तो आवाज पार आत जाऊन ऐकू येईनासा होईपर्यंत त्याने गाडीच्या किल्लीला हात लावला नाही.